बोली, मुखत्यार आणि झांकलेली किंमत

इ. स. २०२५ च्या एप्रिलच्या २९ व्या तारखेस लंडन शहरीं सोदबीज नांवाच्या जुन्या लिलावगृहांत एक तलवार विकली गेली. पातें सरळ, एकधारी व युरोपीय घडणीचें. मुठीवर सोन्याचें काम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरांत सेनासाहेबसुभा राघोजी भोसले यांचें नांव. बंगालवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या करून १७५१ च्या तहानें अलिवर्दीखानाकडून ओरिसाचा मुलूख व चौथाईबद्दल सालीना १२ लक्ष रुपये पदरांत पाडून घेणारे नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष, तेच हे राघोजी. तलवार विकत घेतली महाराष्ट्र सरकारनें. हाताळणी, वाहतूक व विमा धरून तिला ४७ लक्ष १५ हजार रुपये पडले, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस आली. वृत्तपत्रांनीं आनंद व्यक्त केला. तो योग्यच होता व आम्हीही त्यांत सहभागी आहों. परंतु त्या आनंदाच्या भरांत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेआड राहिली. ती ही कीं, लिलावांत बोली सरकारनें स्वतःच्या नांवानें केली नव्हती. एका मध्यस्थाच्या द्वारें ती करविण्यांत आली होती. लिलावाची वार्ता सरकारच्या कानीं आली ती अगदीं आदल्या दिवशीं. आणि इतक्या थोड्या अवकाशांत सरकारी पैसा परक्या देशांतील हातोड्याखालीं नेण्यास दुसरा मार्ग नव्हता.

आतां या व्यवहाराचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. लिलावगृहानें तलवारीचा अंदाज केला होता ६ ते ८ हजार पौंडांचा. शेवटीं तिला पडले ३८,१०० पौंड. यांत हातोडा पडला तो ३० हजारांवर. बाकीचे ८,१०० हें लिलावगृहाचें शेंकडा २७ प्रमाणें घेणाऱ्याकडून वसूल होणारें शुल्क. अंदाजाच्या चौपट-पांचपट किंमत कां झाली, असें एका सुशिक्षित गृहस्थानें आम्हांस विचारलें. राघोजींच्या नांवाचें तेज, हें उत्तर खरें असलें तरी अपुरें आहे. एकटा मनुष्य कितीही उत्सुक असला तरी लिलावांत किंमत चढवूं शकत नाहीं. चढविण्यास दुसरा लागतो. हातोडा ३० हजारांवर पडला याचा अर्थ, त्या आंकड्याच्या एक पायरी खालपर्यंत आणखी कोणी तरी आपल्या मुखत्यारीं सोबत करीत होता. म्हणजे त्या ३० हजारांवरून आपल्याला सरकारचें मन कळत नाहीं, कळतें तें हरलेल्याचें. सरकारची मर्यादा ३१ हजार होती कीं एक लक्ष, हें त्या किंमतींत कोठेंही लिहिलेलें नसतें. लिलावशास्त्राचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे असें म्हटलें तरी चालेल, आणि तें उलगडून सांगावें एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

लिलाव हा शब्द मूळ आपला नव्हे. पोर्तुगीज भाषेंतील ‘लेलांव’ या शब्दावरून तो मराठींत आला, आणि तो ज्या वाटेनें आला ती वाट आमच्या कुलाबा जिल्ह्यांतून, म्हणजे आतांच्या रायगडांतून, गेलेली आहे. चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत पोर्तुगिजांचें ठाणें होतें. रोह्याच्या खाडीनें उतरणाऱ्या गलबतांस त्यांचा किल्ला लागत असे. गोव्यास हा व्यवहार कसा चाले याचें वर्णन लिन्स्खोटेन नांवाच्या डच प्रवाशानें केलें आहे. १५८३ सालीं तो गोव्यास आला आणि त्याचें पुस्तक १५९६ त छापलें गेलें. तो सांगतो कीं, सणवार खेरीज करून रोज सकाळीं शहराच्या सरळ रस्त्यावर लेलांव भरे. पुकारणारे लोक अंगावर सोन्याच्या सांखळ्या, मोत्यें व आंगठ्या लटकावून फिरत. आणि घोडे, कापड, मेलेल्यांची चीजवस्तु व जिवंत गुलाम हीं सर्व एकाच तोंडानें पुकारलीं जात. ज्या शब्दाबरोबर हें चित्र आलें तो शब्द कोंकणांत रुजला. वऱ्हाड-नागपूरकडे मात्र अरबी वळणाचा हर्रास हाच शब्द पुष्कळ दिवस टिकून राहिला, आणि अजूनही ऐकूं येतो.

शब्द परका असला तरी चढाओढीनें विकण्याची रीत आपल्याकडे नव्हती असें नाहीं. तिचा सर्वांत दुःखद प्रयोग पेशवाईच्या अखेरीस झाला. थोरल्या माधवरावांच्या किंवा नाना फडणिसांच्या काळांत परगण्यावर कमाविसदार नेमला जाई तो माणूस पाहून. त्यानें आगाऊ रसद भरावी लागे हें खरें, पण त्याच्या कामाची बारकाईनें झडती होई. दुसऱ्या बाजीरावानें ही घडी मोडली. मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टननें पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत तो म्हणतो कीं, मामलती बाजीरावाच्या हुजऱ्यांमध्यें लिलावास निघूं लागल्या. अधिक बोली करण्यास त्यांस उत्तेजन मिळे, आणि जो मागें सरे त्याच्यावर प्रसंगीं इतराजी होई. पुढच्या वर्षीं पुन्हां तोच प्रकार, आणि परगणा बहुधा आणखी चढ्या बोलीवाल्याकडे. बोली करणारा हुजऱ्या परगण्याचें तोंडही पाहत नसे. तो मक्ता पोटमक्त्यानें देई, पोटमक्तेदार गांवगन्ना फोडी, आणि शेवटीं सारी चढाओढ येऊन पडे ती कुणब्याच्या कणगीवर. एल्फिन्स्टन हा जेता होता, आणि जिंकलेल्याचे दोष सांगण्यांत जेत्याचा स्वार्थ असतो, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु या विशिष्ट मुद्द्यावर त्याचें म्हणणें खोडणारा पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि पेणचा मुलूख १८१८ पर्यंत पेशव्यांकडेच असल्यामुळें या कारभाराची झळ आमच्या गांवांसही लागली असली पाहिजे.

लिलाव ही रीत त्या वेळीं वाईट कां ठरली? बोली करणारा स्वतःच्या खिशांतून भरीत नव्हता हें एक कारण. दुसरें असें कीं, गेल्या वर्षींची रक्कम हाच यंदाच्या बोलीचा पाया धरला जाई. ज्याला आज आपण राखीव किंमत म्हणतों ती तेथें होतीच. मात्र ती विकणाऱ्याच्या लोभानें ठरलेली होती, वस्तूच्या मोलानें नव्हे. पीक बुडालें तरी पाया खालीं येत नसे.

राखीव किंमत म्हणजे ज्या आंकड्याखालीं वस्तु द्यावयाची नाहीं असें विकणाऱ्यानें आधीं ठरविलेलें असतें तो आंकडा. सरकारी लिलावांत तो बहुधा आधींच पुकारतात व लोक त्यास सरकारी बोली म्हणतात. मोठ्या लिलावगृहांत तो मालक आणि लिलावगृह यांच्यामध्येंच गुप्त राहतो. त्याचा उपयोग एका साध्या उदाहरणानें ध्यानीं येईल. पेणच्या एखाद्या जुन्या वाड्यांतील सागवानी कपाट विकावयाचें आहे. एकाला तें १० हजारांचें वाटतें, दुसऱ्याला ४ हजारांचें. तिसरा कोणी नाहीं. उघड्या बोलींत दुसरा चार हजारांवर थांबेल, आणि पहिला शंभर रुपये वर टाकून कपाट घरीं नेईल. मालकानें राखीव किंमत ७ हजार ठेविली असेल तर पहिल्यास निदान सात हजार मोजावे लागतील. म्हणजे राखीव किंमत हा कधींही न थकणारा, पण आपल्या आंकड्यापुढें एक पाऊलही न टाकणारा असा एक अदृश्य बोलीदार होय. यांत धोकाही आहेच. पहिल्यास कपाट सहाच हजारांचें वाटत असेल तर तें विकलें जाणार नाहीं. मालकाच्या ओसरीवर पडून राहील, आणि एकदां न विकल्या गेलेल्या वस्तूकडे लोक पुढच्या खेपेस संशयानें पाहतात. म्हणून राखीव किंमत उंच धरावी कीं उतरती, हा ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें सोडवावयाचा प्रश्न आहे. राघोजींच्या तलवारीच्या बाबतींत या अदृश्य बोलीदाराला कांहींच काम उरलें नाहीं. कारण सोदबीजच्या नियमांप्रमाणें राखीव किंमत खालच्या अंदाजाहून, म्हणजे येथें ६ हजार पौंडांहून, अधिक असूं शकत नाहीं, आणि खऱ्या माणसांची चढाओढ तिच्या कितीतरी पुढें गेली.

येथें कायद्याचा भाग येतो, आणि तो सामान्य वाचकास ठाऊक नसतो. आपल्याकडील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें ६४ वें कलम लिलावासंबंधीं आहे. हातोडा पडेपर्यंत विक्री पुरी होत नाहीं व तोंवर कोणीही आपली बोली मागें घेऊं शकतो. विक्री राखीव किंमतीस अधीन आहे असें जाहीर करतां येतें. विकणाऱ्यास स्वतः किंवा आपल्या माणसाकडून बोली करावयाची असेल तर तो हक्क त्यानें आधीं उघड राखून ठेविला पाहिजे. तसें न करतां त्यानें बोली केली तर घेणारा ती विक्री लबाडीची मानूं शकतो, आणि किंमत चढविण्यासाठीं खोट्या बोली केल्या असतील तर त्यास सौदा मोडतां येतो. लंडन-न्यूयॉर्ककडे मात्र लिलाव पुकारणारा राखीव किंमतीच्या खालपर्यंत मालकाच्या वतीनें बोली करीत जाऊं शकतो. नियमांत तसें छापलेलें असतें, आणि दालनांतील लोक तो छताच्या झुंबराकडे बोट दाखवितो असें थट्टेनें म्हणतात. छापलेलें आहे म्हणून तें फसवणुकींत मोडत नाहीं हें कबूल. पण नियम वाचल्यावांचून खुर्चीवर बसणाऱ्यास झुंबर कोणतें व माणूस कोणता हें ओळखतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां मुखत्यारी बोलीकडे वळूं. जो लिलावास जाऊं शकत नाहीं त्यानें आपल्या वतीनें दुसऱ्यास पाठवावें, यांत नवीन कांहीं नाहीं. अडचण एकच: मुखत्यारास आपली कमाल मर्यादा सांगावी लागते, आणि ती सांगितली कीं आपलें सारें बळ त्याच्या मुठींत जातें. आपल्या बाजारपेठांतील जुन्या दलालांनीं भाव रुमालाखालीं ठरविण्याची जी रीत पाडली होती तिचें मूळ याच भीतींत होतें. धोतराच्या सोग्याखालीं हात घालून बोटें दाबावयाचीं, आणि शेजाऱ्यास पत्ता लागूं द्यावयाचा नाहीं. ही गुप्तता घेणाऱ्यांच्या उपयोगी पडे; ज्याचा माल विकला जाई त्या शेतकऱ्यास मात्र आपल्या धान्याला कोणी काय दिलें हें कळत नसे. बाजारनियंत्रणाचे कायदे झाले तेव्हां ही रीत बंद करण्यांत आली, तें योग्यच झालें.

मध्यस्थानें गुपित फोडल्याची एक मौजेची हकीगत जर्मन वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. १७९७ सालीं महाकवि गटे यानें आपलें ‘हेर्मान आणि डोरोथेआ’ हें काव्य फीवेग नांवाच्या प्रकाशकास देऊं केलें, पण अट मोठी चमत्कारिक घातली. अपेक्षित रक्कम एका चिठ्ठींत लिहून त्यानें ती मोहोरबंद करून ब्योटिगर नांवाच्या मध्यस्थाजवळ ठेविली. प्रकाशकानें आपला आंकडा सांगावयाचा. तो चिठ्ठींतील रकमेहून कमी असेल तर सौदा नाहीं, अधिक असेल तर चिठ्ठींतीलच रक्कम द्यावयाची. आपल्या काव्याचें प्रकाशकाच्या मनांतील खरें मोल काय हें गट्याला जाणून घ्यावयाचें होतें, आणि त्यासाठीं ही युक्ति उत्तम होती. अधिक सांगितल्यानें प्रकाशकाचें नुकसान नव्हतें, म्हणून खरें बोलण्यास त्यास हरकत नव्हती. परंतु ब्योटिगरनें चिठ्ठींतील आंकड्याची प्रकाशकास हळूच सूचना दिली. प्रकाशकानें नेमके १,००० थालर देऊं केले, चिठ्ठींत नेमके १,००० थालर निघाले, आणि कवीस जें जाणून घ्यावयाचें होतें तें कायमचें अंधारांत राहिलें. राखीव किंमत आणि मुखत्यार या दोहोंचा इतका शुद्ध दृष्टांत आम्हांस दुसरा माहीत नाहीं.

गट्यानें हौसेनें केलेल्या या प्रयोगाचें शास्त्र विल्यम विक्रे या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं मांडलें. बंद पाकिटांतून बोली घ्याव्या, सर्वांत मोठ्या बोलीवाल्यास वस्तु द्यावी, पण किंमत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच घ्यावी. असें केल्यास कोणालाही आपल्या मनांतील मोल लपविण्यांत फायदा राहत नाहीं. कमी लिहिलें तर वस्तु हातची जाईल आणि किंमत मात्र एका पैशानेंही उतरणार नाहीं, कारण ती दुसऱ्याच्या आंकड्यानें ठरते. अधिक लिहिलें तर नको त्या भावाला वस्तु गळ्यांत पडेल. विक्रेला १९९६ त नोबेल पारितोषिक जाहीर झालें व त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं तो वारला. व्यवहार मात्र शास्त्राच्या पुढेंच होता. अमेरिकेंतील टपालतिकिटांचे व्यापारी परगांवच्या संग्राहकांच्या टपालानें आलेल्या बोली याच तत्त्वावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालवीत आले होते.

१९९५ च्या सप्टेंबरांत पिएर ओमिद्यार यानें अमेरिकेंत जो लिलावाचा संगणकी बाजार उघडला, व ज्यास पुढें ईबे हें नांव पडलें, त्यानें या मुखत्याराचें यंत्र केलें. घेणाऱ्यानें आपली कमाल मर्यादा एकदां लिहून द्यावयाची आणि झोपीं जावयाचें. यंत्र ती कोणास सांगत नाहीं. दुसऱ्या कोणी तीन हजार म्हटलें कीं आपल्या वतीनें एकच पायरी वर जातें, चार हजार म्हटलें कीं पुन्हां एक पायरी. मर्यादा दहा हजारांची असली आणि प्रतिस्पर्धी चार हजारांवर थांबला, तर द्यावयाचे चार हजार आणि एक पायरी. दोघांची मर्यादा सारखीच असली तर आधीं लिहिणारा जिंकतो. राखीव किंमत ठेविली असेल तर तिचा आंकडा दिसत नाहीं. ती अद्याप गांठली गेली नाहीं एवढेंच दिसतें. आपल्याकडे मुंबईंत २००० सालीं बाझी नांवानें असाच बाजार निघाला. २००४ त तो ईबेनें विकत घेतला आणि २०१८ त फ्लिपकार्टनें येथील ती पेढी बंद केली. त्याच २००० सालीं मुंबईंतच निघालेलें सॅफ्रनआर्ट मात्र टिकलें, आणि भारतीय चित्रकारांच्या चित्रांचे लिलाव तें संगणकावरून चालवितें.

तत्त्व इतकें स्वच्छ असतां लोक शेवटच्या कांहीं क्षणांत बोली कां टाकतात, हा प्रश्न रॉथ व ऑकेनफेल्स यांनीं हातीं घेतला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसून आलें कीं, ईबेवर, जेथें लिलाव ठरल्या घटकेस मिटतो, तेथें हा उशीर पुष्कळ होतो. ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांत, जेथें उशिरा बोली आल्यास मुदत आपोआप वाढे, तेथें तो फार कमी होता. एका नियमानें माणसांची वागणूक केवढी बदलते पाहा!

मुदत वाढविण्याची ही रीत आतां आपल्या सरकारी लिलावांतही आलेली आहे. पेणजवळ मुंबई-गोवा हमरस्त्यावर रामवाडी येथें एस. टी.चें विभागीय कार्यालय आहे. अशा कचेऱ्यांतील निकामी गाड्या, टायर व लोखंड आवारांत उभें राहून पुकारून विकण्याचा काळ मागें पडला. सरकारी मोडीच्या विक्रीसाठीं १९६४ सालीं कलकत्त्यास स्थापन झालेल्या एम. एस. टी. सी. या कंपनीचा संगणकी बाजार देशभर वापरला जातो. तेथें शेवटच्या मिनिटांत बोली आली कीं घड्याळ पुढें सरकतें, आणि सर्वांत मोठी बोली राखीव किंमतीखालीं राहिली तर विक्री मंजुरीवर लोंबकळत ठेविली जाते. आवारांतील लिलावांत भंगारवाले आधीं चहाच्या दुकानांत जमून आज कोणी बोलावयाचें व कोणी गप्प राहावयाचें हें ठरवीत. चेहरा न दिसणाऱ्या बाजारांत तें कठीण झालें आहे. अशक्य झालें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. आणि ज्या लिलावांत सर्व बोलीदार एकमेकांचे मेव्हणे-पाहुणे असतात, त्यांत विक्रेचें शास्त्र कांहीं करूं शकत नाहीं. तेथें राखीव किंमत हाच काय तो सरकारचा आधार.

सरकार विकणारें असतें तेव्हांची ही गोष्ट झाली. घेणारें असतें तेव्हां प्रश्न अधिक नाजुक होतो. महाराष्ट्र सरकार स्वतःच्या नांवानें त्या दालनांत उतरतें तर काय झालें असतें? एका राज्याची तिजोरी व एका समाजाचा अभिमान समोर उभा आहे हें दिसतांच दुसऱ्या बाजूचा हात लौकर खालीं आला नसता. कदाचित् पुढें अधिक किंमतीस विकतां येईल या आशेनें एखाद्या व्यापाऱ्यानेंही उडी घेतली असती. म्हणून मध्यस्थ घेतला हें शहाणपणाचें झालें, असें आमचें मत आहे. पण सरकारचा पैसा लोकांचा असतो. मुखत्यारास किती मर्यादा दिली होती हें हातोडा पडेपर्यंत गुप्त असावें. हातोडा पडल्यावर तें गुप्त ठेवण्याचें कारण उरत नाहीं. पुढच्या लिलावांत प्रतिस्पर्ध्यास आपल्या संवयी कळतील, अशी शंका कोणी काढील. ती खरी असली तरी, मर्यादा कोणी, कोणत्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानें व किती वेळांत ठरविली, एवढें तरी दप्तरीं नोंदून विधिमंडळापुढें ठेवण्यास प्रत्यवाय नसावा. एका दिवसांत उभारलेली व्यवस्था एकदां यशस्वी झाली, म्हणून तीच कायमची मानणें बरें नव्हे. परदेशच्या लिलावांच्या याद्या आठवडेन् आठवडे आधीं छापून निघतात. त्या वाचणारा एक जाणता माणूस पुराणवस्तु खात्यांत नेमणें ४७ लक्षांच्या मानानें फार खर्चाचें काम नाहीं.

नागपूरच्या राजवाड्यांतील वस्तु परक्या हातीं जाण्याचे दोन मोठे प्रसंग इतिहासास ठाऊक आहेत. पहिला १८१७ च्या नोव्हेंबरांतील सीताबर्डीच्या लढाईनंतरचा. दुसरा १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे राघोजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीनें राज्य खालसा केलें तेव्हांचा. या दुसऱ्या वेळीं राजवाड्यांतील हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस लिलावांत निघाले आणि कवडीमोलानें गेले. वृद्ध बांकाबाईसाहेबांनीं सामान हलविण्यास केलेला विरोध व्यर्थ ठरला. आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत हातोड्याखालीं ठेवण्यांत आलें. विकणारें कंपनी सरकार होतें. भोसल्यांच्या वतीनें बोली करणारा कोणी मुखत्यार त्या दालनांत नव्हता.